वसईची खाडी आणि शून्य दिवसाआधीची वर्षं

विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. सकाळी पाऊण सातला निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला मुंबईहून परत फिरायची. जाणारी एक, येणारी एक, एवढाच तिचा पसारा. तिच्या थांब्यांच्या यादीत विरारनंतर ‘नीला’ म्हणून नोंदलेलं नालासोपारा आहे, मग वसई, मग पाणजू, आणि त्यानंतर थेट बोरिवली. भाईंदर नाही, मीरा रोड नाही, नायगावही नाही. पण खाडीच्या मधोमध, चारी बाजूंनी पाणी असलेल्या पाणजू बेटावर गाडी थांबत होती. आज त्याच बेटावरून दिवसाला शेकडो गाड्या जातात आणि एकही थांबत नाही. पाणजूकर होडीने नायगावच्या काठाला येतात आणि मग स्टेशन गाठतात.

मी वसईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शिकवत होते. शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पासाठी यायची तेव्हा दहातले निदान चार गट दोनच विषय घेऊन यायचे. एक, बांधकामाला उशीर का होतो. दोन, वाहतूक कोंडी कशी सोडवायची. पहिल्या विषयाची रीत ठरलेली. चाळीस-पन्नास कारणांची प्रश्नावली करायची: पाऊस, मजुरांची टंचाई, साहित्य वेळेवर न मिळणं, बिलं थकणं, आराखड्यातले बदल. ठेकेदार, सल्लागार आणि सरकारी अभियंते यांच्याकडून प्रत्येक कारणाला एक ते पाच गुण घ्यायचे, सापेक्ष महत्त्वाचा निर्देशांक काढायचा आणि कारणांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक द्यायचे. भारतातल्या प्रकल्पांवर डोलोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मुलं हमखास आणायची. त्यात सगळ्यात वर आलेलं कारण म्हणजे संबंधितांमधला बांधिलकीचा अभाव. मुलांच्या तक्त्यांतही थोड्याफार फरकाने असंच काही वर यायचं.

या अभ्यासांत चूक नव्हती. पण मी मुलांना एकच विचारायची, ‘तुमच्या तक्त्यातला शून्य दिवस कोणता?’ १९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत बसवली. आपण सगळे तीच शिकतो आणि तीच शिकवतो. तिच्यात काम सुरू होण्याचा दिवस शून्य. आपल्याकडे तो म्हणजे वर्क ऑर्डरचा दिवस. त्यानंतर हरवलेला प्रत्येक आठवडा तक्त्यात दिसतो. त्याआधी हरवलेली वर्षं कुठेच दिसत नाहीत. ज्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतो, ते ठेकेदार आणि साइट इंजिनियर शून्य दिवसानंतर येणारी माणसं. त्यांनी जे पाहिलं, तेच ते सांगणार. वसईच्या खाडीचा इतिहास मात्र बहुतांशी शून्य दिवसाच्या अलीकडचा आहे.

ही खाडी म्हणजे उल्हास नदीची समुद्राकडे जाणारी वाट. फार मोठ्या काळापर्यंत ती अडथळा नव्हती. तीच रस्ता होती. सोपारा हे प्राचीन बंदर. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे सापडावा, इतकी त्याची ये-जा. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हा त्यांनी किल्ला बांधला तो खाडीच्या मुखाशी. वसईत जहाजं बांधली जात होती, इथला घडीव दगड बाहेर जात होता, ठाण्याकडची सारी वाहतूक या पाण्यावरून चालत होती. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी दक्षिण तीरावरच्या धारावीच्या ठाण्यासाठी इतका जीव टाकला, त्याचंही कारण हेच. खाडीचे दोन्ही काठ ज्याच्या हातात, त्याच्या हातात किल्ल्याची रसद. मे १७३९मध्ये वसई पडली, ती आधी हा रस्ता बंद झाला म्हणून.

खाडीला आडवं जायची गरज निर्माण केली रेल्वेने. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीने, आपल्या जुन्या लोकांच्या ‘बीबीसीआय’ने, आधी सुरतेकडे काम सुरू केलं. मुंबईपर्यंतच्या मार्गाची मंजुरी नंतर आली. विरारच्या उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, आणि दोन्हींच्या मध्ये एकेक बेट, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन पूल. तळाशी खोलवर मऊ चिखल. दगडी खांब बांधायचे तर पाया घेण्यातच वर्षं गेली असती. कंपनीचे सल्लागार अभियंते होते लेफ्टनंट कर्नल जॉन पिट केनेडी, एक आयरिश गृहस्थ. त्यांनी या मार्गावरच्या मोठ्या पुलांसाठी एकच नमुना ठरवला: ओतीव लोखंडाचे, टोकाला स्क्रूचं रुंद पातं असलेले पोकळ खांब चिखलात फिरवत फिरवत उतरवायचे आणि त्यांवर एकसारख्या मापाचे वॉरन पद्धतीचे गर्डर ठेवायचे. हा स्क्रू-खांब बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल यांचा. त्यांनी १८३३ साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांची दृष्टी कधीच गेलेली होती. चिखलात कशाला पकड मिळते, हे त्यांनी हातांनी ओळखलं असणार.

सगळे भाग एकाच मापाचे, विलायतेहून जहाजाने यायचे, इथे फक्त जोडायचे. आज ज्याला आपण प्रीफॅब्रिकेशन म्हणतो, ते तेव्हा या चिखलात झालं. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी सुरतेपासून ग्रँट रोडपर्यंत गाडी सुरू झाली.

हे उदाहरण वर्गात सांगितलं की मुलं म्हणायची, ‘मॅडम, इंग्रजांच्या वेळी कामं कशी झटपट व्हायची!’ मग मी त्यांना कराराची दुसरी बाजू दाखवायची. रेल्वे कंपन्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. खर्च वाढला तरी भागधारकाचं काही बिघडत नव्हतं. तूट भरून निघायची ती इथल्या महसुलातून. आणि जमीन सरकार कंपनीला फुकट द्यायचं. खाजणात मीठ पिकवणाऱ्याला, पाणजूच्या कोळ्याला, भराव पडल्यामुळे ज्याच्या शेतातलं पाणी अडलं त्याला, आजच्यासारखी सुनावणी कुठली? शून्य दिवस लवकर उजाडला, कारण त्याआधी कुणाला विचारायचंच नव्हतं. केनेडींचं अभियांत्रिकी कौशल्य खरं आहे, त्याला मी नमस्कार करते. पण वेगाचं सगळं श्रेय त्याला देता येत नाही.

रेल्वेने वसईला काय दिलं, ते मला आमच्या घरातूनच माहीत आहे. आजोबांचा पानमळा होता. पानं मोजून, ओल्या फडक्यात बांधून करंड्या भरायच्या, बैलगाडीने स्टेशनवर न्यायच्या, आणि पार्सलने त्या थेट उत्तर हिंदुस्थानात जायच्या. ‘गाडी चुकली तर पान सुकतं, आणि पान सुकलं तर दलाल हसतो,’ असं ते म्हणायचे. केळी, भाजी, फुलं, दूध सगळं याच गाडीने मुंबईला जायचं. त्याआधी वसईच्या बंदरातून मचव्याने जायचं. वारा असेल तर लवकर, नाही तर पडेल तेव्हा. मग पाण्याचा रस्ता हळूहळू मोडत गेला. धक्के गाळाने भरले. ज्यांचे मचवे होते, त्यांची मुलं गिरणीत लागली. एक रस्ता आला आणि दुसरा गेला, त्यामुळे रस्ता पुन्हा एकच उरला.

१ सप्टेंबर १९३६ला बोरिवली ते विरार विजेची गाडी सुरू झाली. मुंबईत नोकरी आणि वसईत घर हे तेव्हापासून सोयीचं झालं. गाडीरस्ता मात्र अजून नव्हता. मोटारीने खाडी ओलांडण्यासाठी वसईकराला रेल्वेनंतर सुमारे शतकभर थांबावं लागलं. तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ८चा पूल झाला, तो घोडबंदरजवळ, वरसावे इथे. तिथे खाडी अरुंद आहे, दोन्हीकडे डोंगर जवळ आलेले आहेत. मुंबई-अहमदाबाद ट्रकसाठी ही जागा उत्तम. पण वसई गाव राहिलं पश्चिमेला, समुद्रकाठी. त्यामुळे किल्ल्याच्या जेटीवरून समोर भाईंदर दिसतं, पाण्यावरून अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर; आणि रस्त्याने जायचं तर वसई फाटा, महामार्ग, वरसावे, काशिमीरा असा सुमारे ३८ किलोमीटरांचा वळसा.

या वळशाने शहर घडवलं, हे माझं म्हणणं आहे. नगररचनेचा नकाशा नंतर आला. १९९० साली सिडकोला इथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. त्यांचा विकास आराखडा मंजूर व्हायला २००७ उजाडलं. मधल्या सतरा वर्षांत लोक थांबले नव्हते. मुंबईत घर न परवडणारा माणूस जिथे गाडी थांबते तिथे आला, आणि स्टेशनपासून पायी किंवा रिक्षाने जाता येईल तेवढ्यात खोली घेतली. नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार: चार स्टेशनं आणि त्यांच्याभोवती चार गोळे. खाडीवर भाईंदर-नायगाव असा रस्ता वेळेत झाला असता, तर वस्ती काठाने पसरली असती, बसगाड्या धावल्या असत्या, गावांच्या वाड्यांवरचा दाब कदाचित निराळ्या जागी पडला असता. ते झालं नाही. आराखडा उशिरा आला, पूल आलाच नाही, म्हणून उशिरानेच शहराची आखणी केली. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. एवढ्या लोकांचा मुंबईकडचा मुख्य रस्ता म्हणजे १८६४ साली सुरू झालेला रेल्वेमार्ग.

विरार लोकलमधल्या गर्दीवर पुष्कळ लिहून झालं आहे, मी भर घालत नाही. एवढंच सांगते की महिला विशेष गाडी १९९२च्या मे महिन्यात चर्चगेट-बोरिवली सुरू झाली आणि १९९३मध्ये विरारपर्यंत आली. आमच्या पिढीतल्या किती तरी बायकांची नोकरी त्या एका गाडीमुळे टिकली. वाहतूक व्यवस्थापन म्हणतात ते याला. एक पैचं काँक्रीट न ओतता, वेळापत्रकात एक ओळ घालून केलेलं.

आता दुसऱ्या विषयाकडे, म्हणजे कोंडीकडे येते. मुलं अंबाडी नाक्याला किंवा वसई फाट्याला टॅलीचे कागद घेऊन उभी राहायची. भारतीय रस्ते परिषदेच्या १९९०च्या मार्गदर्शिकेप्रमाणे प्रत्येक वाहनाचं ‘पीसीयू’त, म्हणजे कारच्या मापात, रूपांतर करायचं. कार म्हणजे एक. रस्त्यावर दुचाकी दहा टक्क्यांच्या वर असतील, तर एक दुचाकी म्हणजे पाऊण. आमच्याकडे ती अट सकाळी सातलाच पूर्ण व्हायची. आकडे यायचे, रस्त्याच्या क्षमतेशी तुलना व्हायची, आणि शेवटच्या प्रकरणात सूचना: सिग्नल बसवावा, रिक्षा थांबा हलवावा, फेरीवाल्यांना जागा द्यावी, रस्ता रुंद करावा. सूचना रास्त असायच्या. पण पापडी, तामतलाव, पारनाका हा रस्ता बैलगाडी आणि टांग्याच्या काळचा, दोन्हीकडे वाड्या, विहिरी, क्रॉस, देवळं. तो किती रुंद होणार?

आणि मोजणीत एक पोकळी राहतेच. नाक्यावर उभं राहून जी वाहनं जातात तीच मोजली जातात. जो प्रवास पूल नाही म्हणून घडतच नाही, तो कोण मोजणार? किल्ल्याच्या जेटीवर टॅलीचा कागद घेऊन बसलं असतं, तर वर्षानुवर्षं वाहनांचा आकडा शून्य आला असता. त्यावरून कुणी म्हणावं का, की इथे मागणीच नाही? अंबाडी नाक्यावरची बरीचशी गर्दी म्हणजे खाडीवर नसलेल्या पुलाची गर्दी असते; ती फक्त दुसरीकडे मोजली जाते. पूर्व-पश्चिमेचंही तेच. रेल्वेने शहर उभं चिरलं आहे आणि ओलांडायचे पूल मोजके. उमेळमान, अलकापुरी, ओसवाल नगरी, विराट नगर इथल्या उड्डाणपुलांचे प्रस्ताव वर्षानुवर्षं बातम्यांत असतात. तोवर प्रत्येक रिक्षा त्याच दोन-चार पुलांवर चढते आणि नाका बदनाम होतो.

एकाच रस्त्यावर भिस्त ठेवली की काय होतं, ते वरसावेच्या पुलाने दाखवलं. २०१३-१४मध्ये जुन्या पुलाच्या गर्डरला तडा आढळला आणि दुरुस्तीसाठी वाहतूक वळवावी लागली. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीचा पूल वाहून गेला. राज्यभर जुने पूल तपासले जाऊ लागले, आणि वरसावेचा जुना पूल पुन्हा अवजड वाहनांना बंद झाला. दक्षिण गुजरात आणि मुंबई यांच्यातले ट्रक शेजारच्या दुसऱ्या, एकाच पुलावर आले. घोडबंदर रस्त्यापासून वसई फाट्यापर्यंत रांगा. आमची मुलं तेव्हा मोजणीला गेली आणि तासाभरात परत आली. थांबलेली वाहनं कोणत्या रकान्यात लिहायची, हे कुठल्याच मार्गदर्शिकेत नव्हतं. गंमत सोडली तर त्या महिन्यांत अँब्युलन्स, दुधाच्या गाड्या, परीक्षेला निघालेली पोरं, सगळ्यांनी किंमत मोजली.

नव्या चौपदरी पुलाचं भूमिपूजन २०१८मध्ये झालं. त्याची एक बाजू मार्च २०२३मध्ये उघडली आणि दुसरी त्यानंतर. मध्ये करोनाची दोन वर्षं आली. पण त्याआधी, कागदावर, खारफुटी आणि वनजमिनीच्या परवानग्यांत गेलेला काळही मोठा. पूल झाला, आणि झाल्यावर महामार्गावरची कोंडी काही अंतर सरकून पुढे गेली. उशिरा झालेल्या पुलाचं असंच होतं. तो ज्या गर्दीसाठी मोजलेला असतो, ती गर्दी त्याच्या उद्घाटनाला येत नाही. तिची मोठी झालेली मुलं येतात.

भाईंदर-नायगाव पुलाची कहाणी तर शून्य दिवसाच्या अलीकडचीच. २०१३पासून एमएमआरडीएच्या कागदांवर हा पूल आहे: भाईंदरहून निघायचं, पाणजूवरून जायचं, नायगावला उतरायचं, सुमारे पाच किलोमीटर. अभियांत्रिकीच्या नजरेने हा काही अवघड पूल नाही. केनेडींनी लोखंडी नळकांड्यांवर केलं, ते आज मोठ्या व्यासाच्या काँक्रीट पाइल्सवर सहज होतं. मग अडतं कुठे? चिखलाचे मालक मोजा. मिठागरांची जमीन केंद्राच्या मीठ आयुक्तांकडे, त्यावर जुने भाडेपट्टे. तिवरांची जमीन वन खात्याकडे. पाणी मेरीटाइम बोर्डाकडे. शेजारून रेल्वे जाते, तिची हद्द वेगळी. एका काठाला मीरा-भाईंदर महापालिका, दुसऱ्या काठाला वसई-विरार; एक ठाणे जिल्ह्यात, दुसरी २०१४पासून पालघरमध्ये. शिवाय २०१६च्या कायद्याने ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाली, म्हणजे पुलाखालून नौका जाण्याइतकी उंची आणि गाळा सोडायला हवा. उंची वाढली की उतार लांबतो, उतार लांबला की आणखी जमीन लागते, आणि जमीन लागली की फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर.

त्यात खारफुटीचा प्रश्न. सप्टेंबर २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं, की खारफुटी नष्ट करणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, आणि सार्वजनिक कामासाठी ती तोडायची असली तरी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला ही परवानगी डिसेंबर २०२२मध्ये मिळाली. तिचं भूमिपूजन झालं होतं सप्टेंबर २०१७मध्ये. २०१९ साली मंजूर झालेली बोरिवली-विरार पाचवी-सहावी लाईनही याच तिवरांत अडखळली.

मुलं या ठिकाणी पर्यावरणवाद्यांवर घसरायची. मी सांगायची, थांबा. तिवरं आणि मिठागरं हीच उधाणाचं आणि पावसाचं पाणी सामावून घेणारी जागा. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढलं, लांबच्या गाड्या मध्येच अडकल्या आणि प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते तुम्ही पाहिलं आहे. भराव घालताना पाण्याला विचारलं नाही की ते असं नंतर उत्तर देतं. नव्वदच्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या चळवळीने वाड्या, विहिरी आणि खाजणं यांसाठी आवाज उठवला, तेव्हा त्यांनाही विकासात खोडा घालणारे म्हटलं गेलं. त्यांनी लावलेल्या उशिरामुळेच पश्चिम पट्ट्यात आज काही विहिरी गोड आहेत. उशिरात दोन प्रकार असतात. एक, ज्याला कधीच विचारलं नव्हतं त्याला विचारायला लागणारा वेळ. दुसरा, विचारून झाल्यावरही या टेबलावरून त्या टेबलावर जायला लागणारा वेळ. पहिला हवा. दुसऱ्याचा हिशेब मागायला हवा. आपल्या निर्देशांकात दोन्ही मिळून ‘परवानग्यांतील विलंब’ असा एकच रकाना असतो, आणि म्हणून कुणालाच काही शिकायला मिळत नाही.

पूल नाही म्हणून लोक बसून राहत नाहीत. रेल्वेने नवे पूल बांधून जुना सोडून दिला, त्यानंतर बरीच वर्षं माणसं त्यावरून नायगाव-भाईंदर पायी जायची, धाडसी पोरं मोटरसायकलीसुद्धा घालायची. त्यावर हलक्या वाहनांसाठी रस्ता करा, अशी मागणी होत राहिली. लोखंड तेवढं भरवशाचं उरलं नव्हतं. तिकडे वैतरणेच्या वाढीव बेटावरचे लोक रेल्वे पुलाच्या कडेने स्टेशनला जात आले आहेत, शेजारून मेल धडधडत असताना. अशा वाटांवर माणसं गेली आहेत. विलंबाच्या प्रश्नावलीत खर्चवाढ विचारतात, मुदतवाढ विचारतात. दरम्यान लोक कुठून गेले, हे विचारत नाहीत.

आणि मग फेब्रुवारी २०२४मध्ये वसईच्या किल्ल्याजवळच्या जेटीवरून भाईंदरला रो-रो बोट सुरू झाली. दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो बोटीत चढतात आणि पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे उतरतात. एप्रिल २०२५मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या जलसारपर्यंत दुसरी सेवा चाचणी म्हणून सुरू झाली: रस्त्याने साठेक किलोमीटर, पाण्याने दीड. तिला मंजुरी मिळाली होती २०१७ साली, म्हणजे उशीर तिलाही चुकला नाही. पण काम काय होतं? जेटी, उतार, वाहनं उभी करायची जागा आणि गाळ उपसणं. चिखलाच्या सगळ्या मालकांच्या दारात जावं लागत नाही, कारण बोट पाण्यावरून जाते आणि जाऊन झाल्यावर तिथे काही ठेवत नाही. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याने, पोर्तुगीज कप्तानाने, आमच्या पणजोबांनी जो रस्ता वापरला, तो पुन्हा सापडला. मोडायची गरज नव्हती, हेही त्याबरोबर कळलं.

भाईंदर-नायगाव पूल व्हायला हवा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तो झाला की ‘आता बोट कशाला?’ असा प्रश्न पहिल्याच वर्षी येईल, आणि खर्चाचा तक्ता दाखवून कुणीतरी ती बंद करायचा प्रस्ताव मांडेल. तो मान्य होऊ नये. १८६४नंतर आपण पाण्याचा रस्ता मोडू दिला आणि रेल्वेवर विसंबलो. मग महामार्गाचा पूल आला, आणि २०१६मध्ये तो अर्धा बंद झाल्यावर सगळं ठप्प झालं. प्रत्येक वेळी नवा रस्ता आला म्हणून जुना टाकला. बारा लाखांच्या पुढे गेलेल्या शहराला खाडी ओलांडायचे तीन मार्ग तरी सदैव चालू हवेत, आणि त्यातला एक पाण्याचा असला पाहिजे. तो दुरुस्तीला बंद करावा लागला तर बोट बदलता येते. गर्डर इतक्या सहज बदलता येत नाही.

पुढच्या वर्षीचा कुणी विद्यार्थी हा विषय घेऊन आपल्या शिक्षकांकडे जाईलच. त्याने प्रश्नावलीत दोन रकाने वाढवावेत, एवढंच मला सांगायचं आहे. पहिला: कल्पना मांडली गेल्यापासून वर्क ऑर्डर निघेपर्यंत किती वर्षं गेली, आणि त्यांतली किती लोकांना विचारण्यात, किती टेबलांवर. दुसरा: त्या वर्षांत वाहतुकीचा मूळ आकडा किती वेळा नव्याने मोजला. हे दोन आकडे समोर आले, तर पूल कितीही उशिरा होवो, तो निदान त्या दिवशीच्या शहरासाठी बांधलेला असेल.